पफरचं पोट पुन्हा पुन्हा काळं पडतंय? औषधाआधी मीठ मोजा

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. हिरवा पफर म्हणजे मत्स्यालयात पाळला जाणारा, घाबरला की फुगणारा मासा. त्याचं पांढरंशुभ्र पोट राखाडी दिसायला लागतं, एक-दोन दिवसांत काळपट होतं. मासा खाणं सोडतो. कोपऱ्यात काचेला तोंड लावून सारखा वरखाली करतो, नाहीतर वाळूवर पोट टेकून पडून राहतो. मालक घाबरतो, अर्धं पाणी बदलतो, अंदाजाने मूठभर मीठ टाकतो, वर दुकानातलं निळं औषध ओततो. दोन-तीन दिवस मासा बरा वाटतो आणि पुढच्या आठवड्यात पोट पुन्हा काळं. सोलापुरात हा फेरा मार्च ते जूनमध्ये जास्त दिसतो आणि तो योगायोग नाही.

माझं मत असं की यातल्या बऱ्याच टाक्यांमध्ये आजारी असतो तो फिल्टर, आणि त्याला आजारी पाडतो तो आपणच घाईघाईने केलेला उपाय. म्हणून तर दुखणं परत परत येतं.

कसं ते सांगतो. हिरवा पफर हा खाडीतला मासा. भरतीला खारं, ओहोटीला निमखारं, पावसाळ्यात जवळजवळ गोडं, अशा पाण्यात त्याचं आयुष्य जातं. मिठाचा थोडाफार चढउतार त्याचं शरीर पेलतं. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर वाढलेल्या जिवाणूंना मात्र ते झेपत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मिठाचं प्रमाण एका दिवसात बरंच वरखाली झालं की त्यांचं काम मंदावतं, काही मरतातही. मग अमोनिया साठतो आणि पोट काळं पडतं. ते बघून आपण पुन्हा मोठा पाणीबदल करतो, पुन्हा अंदाजाने मीठ घालतो, आणि जेमतेम सावरलेल्या जिवाणूंना दुसरा दणका बसतो.

निमखाऱ्या टाकीत अमोनिया जास्त बाधतो, हेही लक्षात ठेवा. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं मोजमाप) ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पफरला लागणाऱ्या ८.२ पीएचला, २५ अंश तापमानात, हाच भाग आठ टक्क्यांच्या आसपास जातो आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. त्यामुळे टेस्ट किटमध्ये दिसणारा जो किंचित रंग गोल्डफिशच्या टाकीत खपून जातो, तो इथे खपत नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट शक्यतो २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत, हे आकडे पक्के धरा.

आधी मासा ओळखा

दुकानात तीन वेगळे मासे ‘पफर’ या एकाच नावाने विकले जातात. पिवळट-हिरव्या पाठीवर गोल काळे ठिपके आणि पांढरं पोट, तो ग्रीन स्पॉटेड. हा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लहानपणी त्याला १.००५ ते १.००८ घनतेचं पाणी चालतं (गोडं पाणी म्हणजे १.०००, मीठ वाढलं की आकडा वाढतो), पण मोठा झाल्यावर १.०१५ च्या पुढे न्यावं लागतं. तपकिरी पाठीवर पिवळ्या वळणदार रेघा आणि शेपटीच्या बाजूला कडं असलेले काळे डाग, तो फिगर एट. हा आठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो आणि त्याला जन्मभर १.००५ ते १.००८ पुरतं. तिसरा पी पफर, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. तो केरळ-कर्नाटकातल्या गोड्या पाण्याचा मासा आहे. त्याच्या टाकीत मीठ घालायचं कारणच नाही.

‘गोड्या पाण्यात चालतो’ असं सांगून ग्रीन स्पॉटेड दिला जातो तेव्हा ते अर्धवट खरं असतं. पिल्लू काही महिने तगतं. मग मलूल होतं, त्वचेवर पांढरे ठिपके येतात आणि एका बारीक कारणाने जातं. दुकानातल्या गोड्या पाण्यातून आणलेला मासा मात्र एकदम खाऱ्यात टाकू नका. मासा सहन करेल कदाचित, पण तुमचा फिल्टर गोड्या पाण्यावर वाढलेला असेल तर तो करणार नाही. आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त चढवायचं नाही, हा नियम पाळा. साधारण १४० लिटर पाण्याच्या टाकीत ०.००१ चढवायला मरीन सॉल्ट (समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेलं मत्स्यालयाचं मीठ) दोनशे ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे आठवड्याची मर्यादा झाली चारशे ग्रॅम, तेही दोन-तीन वेळा विभागून.

हायड्रोमीटर उन्हाळ्यात खोटं बोलतो

आता मुख्य मुद्दा. मीठ मोजायला आपल्याकडे बहुतेकांजवळ काचेचा तरंगणारा हायड्रोमीटर असतो, किंवा काटा वर उचलला जाणारा प्लॅस्टिकचा डबा. ही साधनं पाण्याची घनता मोजतात आणि ती एका ठराविक तापमानाला बरोबर दाखवतात, मत्स्यालयाच्या हायड्रोमीटरवर ते बहुधा २५ अंश असतं. मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं टाकीचं पाणी ३२-३४ पर्यंत सहज जातं. तापलेलं पाणी हलकं होतं. २५ वरून ३३ अंशांवर गेल्यावर घनता साधारण ०.००२ ने उतरते. म्हणजे टाकीत मीठ अगदी बरोबर १.००५ चं असलं तरी हायड्रोमीटर १.००३ दाखवतो.

०.००२ ऐकायला नगण्य वाटतं. पण १.००५ मधला खरा मिठाचा भाग तो शेवटचा ५ आहे. त्यातले दोन कमी दिसले म्हणजे चाळीस टक्के मीठ ‘कमी पडलं’ असं वाटतं. मालक ते भरून काढतो. जूनमध्ये दोन पाऊस पडतात, खोली थंड होते, पाणी २७ वर येतं आणि तोच हायड्रोमीटर अचानक १.००७ च्या जवळ दाखवायला लागतो. आता मालक गोडं पाणी ओतून तो खाली आणतो. दोन्ही वेळा दणका फिल्टरला. एप्रिल-मेमध्ये एकदा आणि पावसाच्या सुरुवातीला पुन्हा, असा हा त्रास ठरलेल्या वेळी का येतो, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

उपाय फुकट आहे. मोजण्यापुरतं पाणी उंच ग्लासमध्ये काढा, तो ग्लास माठातल्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात ठेवा आणि थर्मामीटर २५ वर आला की मगच हायड्रोमीटर सोडा. काट्यावर किंवा काचेवर चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका. तेही आकडा बिघडवतात. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मीठ मोजणारं साधन) घेता आला तर उत्तम, पण ‘तापमान आपोआप सांभाळतो’ असं त्यावर लिहिलंय म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अधूनमधून डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून तो शून्य दाखवतो का, बघत जा. आरओवाल्याकडचा टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) घरात असेल तर कमी खाऱ्या टाकीत तो रोजचा कल बघायला बरा पडतो. कालच्यापेक्षा आकडा वर गेला की खाली, एवढंच त्याला विचारा. खरं मीठ किती, हे त्याला विचारू नका.

चमच्याने मोजणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. ‘काय बे, सहा चमचे टाकलंय की, अजून किती टाकू?’ चमचा कोणता, मीठ कोरडं की ओलसर, टाकीत खरं पाणी किती, यातलं काहीच माहीत नसतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या.

वाफ पाण्याची होते, मिठाची नाही

नव्वद बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे चार लिटर उडालं. कोरड्या हवेत, वरून पंखा लावलेला असताना, उन्हाळ्यात ही उतार रोज डोळ्यांना दिसते. उडतं ते शुद्ध पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून उतरलेली पातळी भरायची ती फक्त गोड्या पाण्याने. हा नियम तोंडपाठ असणारेही ‘निमखारी टाकी आहे, निमखारं पाणीच घालू’ म्हणून मिठाचं पाणी ओततात. हिशेब करा: १४० लिटरच्या टाकीत रोज तीन लिटर मिठाचं पाणी भरलं, तर महिन्याला नव्वद लिटर पाण्याचं मीठ जास्तीचं जमतं. १.००५ ची टाकी महिन्यात १.००८ वर पोचते.

काचेवर बाहेरून मार्करने पातळीची रेघ मारा आणि रोज संध्याकाळी रेघेपर्यंत भरा. आठवडाभर उतरू देऊन रविवारी एकदम वीस लिटर ओतण्यापेक्षा रोज तीन लिटर केव्हाही बरे. भरायला आरओचं पाणी सगळ्यात चांगलं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या दगडातून आलेलं, बऱ्याच ठिकाणी जड असतं. पाणीबदलाला ते पफरच्या टाकीत फारसं वाईट नाही, उलट थोडं फायद्याचंच, पण रोजच्या भरण्याला वापरलं तर त्यातले क्षार मिठासारखेच साठत जातात.

तापमान उतरवायला पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा देणारा छोटा पंखा सोलापूरच्या कोरड्या हवेत छान काम करतो, दोन ते चार अंश उतरतात. बाष्पीभवन वाढतं, ते रेघेने सांभाळा. बर्फाच्या बाटल्या मी टाळतो. तासाभरात पाच अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, हा झोका पाणी सलग ३० वर राहण्यापेक्षा वाईट. २४ ते २८ अंश आदर्श, पण उन्हाळ्यात ३० वर स्थिर ठेवता आलं तरी मासा निभावतो. मात्र हवेचा दगड (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चोवीस तास चालू हवा. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३, आणि मीठ असलं की त्याहून कमी.

पाणी आलं की टाकी धुवायचा उत्साह

उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही. बऱ्याच भागांत चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की घरातलं सगळंच धुवायचा दिवस असतो. त्यात टाकीही येते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला जातो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. एका धुण्यात महिन्याची कमाई जाते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा दाबून, बस. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक सगळं एकाच दिवशी धुवायचं नाही.

पाणीबदलासाठी टाकीखेरीज एक पिंप ठेवा. नळ आल्या दिवशी ते भरा, क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाका, मीठ मोजून घाला, आत छोटा पंप सोडून एक दिवस फिरू द्या. दुसऱ्या दिवशी पिंप आणि टाकी दोन्हींचं पाणी वर सांगितल्याप्रमाणे २५ अंशांना आणून मोजा. आकडे जुळले की पंचवीस-तीस टक्के बदला, दर आठवड्याला. सुकं मीठ थेट टाकीत, तेही माशाच्या डोक्यावर, कधीही नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली असेल तर ते पाणी टाकीला नको. तुरटी पाण्याची क्षारीय ताकद खाते आणि पीएच घसरायची वाट मोकळी करते. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवला तर पीएच ७.८ ते ८.४ मध्ये टिकायला मदत होते.

मिठाबद्दल दरवेळी एक वाद निघतो. खडेमीठ समुद्राचंच असतं, मग ते का नको? कारण मिठागरात सोडियम क्लोराइडचे खडे बनतात तेव्हा मॅग्नेशियमने भरलेलं उरलेलं पाणी काढून टाकतात. आपल्या हातात येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. पीएच धरून ठेवणारा बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात नावालाच. बोअरच्या जड पाण्यावर खडेमीठ घालून काहींचे फिगर एट वर्षानुवर्षं जगतातही, कारण कमी पडणारं थोडंफार बोअरच पुरवतं. त्यावर विसंबावं असं मी म्हणणार नाही. पिशवीवर मरीन सॉल्ट मिक्स लिहिलेलं हवं, आणि १.००५ साठी सुरुवात लिटरमागे आठ-नऊ ग्रॅमने करायची. इथल्या दुकानात मिळालं नाही तर पुणे-मुंबईहून मागवता येतं. कमी खाऱ्या टाकीला ते फार लागत नाही.

आज पोट काळं दिसतंय, आज काय करू?

पहिलं काम अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट, थेंबांची. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर टाकीइतक्याच मिठाच्या आणि तापमानाच्या पाण्याने पंचवीस टक्के बदला. उद्या पुन्हा टेस्ट, गरज पडली तर पुन्हा पंचवीस टक्के. खाणं दोन दिवस बंद. धडधाकट पफरला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. हवा वाढवा. फिल्टरला हात लावू नका.

मिठाचा आकडा चुकीचा निघाला तरी आज तो दुरुस्त करायचा नाही. हे लोकांना पटत नाही, पण चुकीचा आणि स्थिर आकडा आठवडाभर चालतो. आधी अमोनिया शून्यावर आणा, मग मीठ सावकाश हलवा.

औषध तर अजिबात नको. पफरला खवले नसतात. तांब्याची औषधं त्याला फार लवकर बाधतात आणि निळं औषध फिल्टरच्या जिवाणूंवरही चालतं. पांढरे ठिपके खरोखर असतील आणि टाकी जवळजवळ गोडी असेल, तर मीठ हळूहळू योग्य पातळीवर नेणं हाच बऱ्याचदा इलाज ठरतो. गोड्या पाण्यातल्या त्या परजीवीला खारं पाणी मानवत नाही.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर वीज आल्यावर आतलं साचलेलं पाणी आधी बाहेर ओता, मगच सुरू करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेवढ्या वेळात आत कुजलेला वास सुटतो.

माशाला हलवायचं असेल तर जाळी वापरू नका. घाबरून तो पाण्याबाहेर फुगला आणि पोटात हवा अडकली तर ती बाहेर काढणं त्याला अवघड जातं. मगमध्ये पाण्यासकट उचला.

खाणं आणि दात

खाणं बंद होण्याचं एक कारण पाण्याशी संबंधित नसतं. पफरचे चार दात जन्मभर वाढत राहतात. कोकणात याच्या समुद्रातल्या भावंडांना केंड म्हणतात आणि जाळी कुरतडतात म्हणून मच्छीमार त्यांच्यावर खार खाऊन असतात. तेच हे दात. नुसतं मऊ खाणं मिळालं तर ते इतके वाढतात की तोंड नीट उघडत नाही. मासा खाण्याजवळ येतो, तोंड मारतो आणि सोडून देतो, अशी खूण दिसली तर दात बघा. बारीक शंखाच्या गोगलगायी आठवड्यातून दोन-तीनदा द्या, सालीसकट झिंगे, शिंपल्या द्या. रॅम्सहॉर्न गोगलगायी बाल्कनीतल्या टबात सहज वाढतात. वाळूत घुसणाऱ्या टोकदार, कडक कवचाच्या ट्रम्पेट गोगलगायी नकोत, दात तुटतात. तलावातून उचललेल्या गोगलगायीही नकोत, सोबत परजीवी येतात. फक्त झिंगे आणि शिंपल्यांवर ठेवू नका. त्यांतल्या थायमिनेजमुळे (बी-१ मोडून टाकणारा घटक) बी-१ जीवनसत्त्व कमी पडत जातं. फार वाढलेले दात कापणं हे भूल देऊन करायचं काम आहे, माशांचं काम जाणणाऱ्या पशुवैद्याशिवाय त्यात पडू नका.

एवढं करूनही फरक नाही?

मीठ स्थिर, अमोनिया शून्य, दात ठीक, तरी पोट रोज काळं असेल तर टाकीत दुसरा पफर आहे का बघा. ग्रीन स्पॉटेड मोठा होताना सोबत्याचे पंख कुरतडतो आणि दबलेला मासा कायम काळवंडलेला राहतो. एकटा असेल तर टाकी लहान पडत असेल. पूर्ण वाढलेल्या एका ग्रीन स्पॉटेडला शंभर लिटरहून जास्त पाणी हवं. फक्त रात्री दिवा बंद केल्यावर किंवा झोपेतून उठताना पोट राखाडी दिसत असेल तर काळजी नको.

आणि मासा अधाशासारखा खातोय, तरी पोट खपाटीला गेलंय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी पडतेय, तर मात्र ती आतड्यातल्या जंतांची शंका. बाजारात येणारे हे पफर बहुतेक निसर्गातून पकडलेले असतात, त्यामुळे असं निघणं नवल नाही. अशा माशाला वेगळ्या टाकीत, त्याच मिठाच्या पाण्यात ठेवा. जंतांचं औषध कोणतं आणि किती, हे पशुवैद्याकडून वजनाच्या हिशेबाने ठरवून घ्या, आणि शक्यतो ते खाण्यातून द्या. मुख्य टाकीत ते ओतलं तर फिल्टरपासून सगळं पुन्हा सुरू करावं लागेल.